पोकरच्या छोट्या स्पर्धांतील प्रारंभिक पानांची निवड : संभाव्यता व निर्णयप्रक्रियेच्या अंगाने एक विवेचन

सारांश

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येक खेळाडूला आरंभी दोन पाने मिळतात आणि त्या दोन पानांवर डाव खेळावयाचा की सोडावयाचा, हा पहिला निर्णय त्याला घ्यावा लागतो. नऊ खेळाडूंच्या एका टेबलाच्या स्पर्धेत हा निर्णय केवळ पानांच्या बळावर ठरत नाही. खेळाडूचे आसन, ब्लाइंडच्या तुलनेत त्याच्याजवळ असलेल्या चिप, शिल्लक प्रतिस्पर्धी आणि बक्षिसांची विभागणी या चार घटकांचा त्यावर प्रभाव पडतो. प्रस्तुत लेखात या घटकांचे साध्या अंकगणिताच्या आधारे विवेचन केले असून चिपचे मूल्य आणि पैशाचे मूल्य यांतील तफावत हा निवडीचा मुख्य निकष कसा ठरतो, हे स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : पोकर, टेक्सास होल्डेम, संभाव्यता, अपेक्षित मूल्य, स्वतंत्र चिप प्रतिमान, निर्णयप्रक्रिया.

१. प्रस्तावना

पत्त्यांचा खेळ आणि संभाव्यतेचे गणित यांचे नाते जुने आहे. १६५४ मध्ये ब्लेझ पास्कल आणि पिअर द फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांमध्ये जो पत्रव्यवहार झाला, त्याचा विषय असा होता : पैसे लावून सुरू केलेला खेळ मध्येच थांबवावा लागला, तर जमा रकमेची खेळाडूंमध्ये न्याय्य वाटणी कशी करावी? या प्रश्नाच्या उत्तरातून अपेक्षित मूल्याची कल्पना आकाराला आली. विसाव्या शतकात जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये खेळांच्या सिद्धांतावर मूलभूत निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या सहकार्याने सिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरच्या एका सुलभ रूपाचे स्वतंत्र विश्लेषण केले. अपुऱ्या माहितीच्या आधारे आणि विरोधी हितसंबंध असलेल्या माणसांसमोर निर्णय कसा घ्यावा, याचा नमुना म्हणून पोकरकडे अभ्यासकांनी पाहिले.

मराठी वाचकाला रमी, ब्रिज, बदाम सात आणि तीन पानी हे खेळ परिचित असतात. यांपैकी तीन पानी पोकरच्या सर्वांत जवळचा. तथापि त्यात हाती आलेल्या पानांत पुढे भर पडत नाही. टेक्सास होल्डेममध्ये दोन पाने खेळाडूची स्वतःची आणि पाच पाने सर्वांची सामाईक असतात. त्यामुळे आरंभीच्या दोन पानांचे मूल्य हे निश्चित मूल्य नसून पुढे काय घडू शकेल याचा अंदाज असतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाउन हे या खेळाचे जन्मस्थान असल्याचे मान्य केले. लास व्हेगास येथील वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर ही स्पर्धा १९७० पासून भरते. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा हौशी खेळाडू इंटरनेटवरील एका छोट्या पात्रता स्पर्धेतून तेथे पोहोचला आणि ८३९ स्पर्धकांत पहिला येऊन त्याने २५ लाख डॉलर जिंकले. त्यानंतर अल्प प्रवेशमूल्याच्या छोट्या स्पर्धांचा जगभर झपाट्याने प्रसार झाला.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) प्रारंभिक पानांचे संख्यात्मक वर्गीकरण मांडणे; (आ) आसन आणि चिपसाठा यांमुळे त्याच पानांचे मूल्य कसे बदलते, हे दाखविणे; (इ) बक्षीसविभागणीचा निवडीवर होणारा परिणाम उदाहरणांनी स्पष्ट करणे; (ई) या ज्ञानाच्या मर्यादा नोंदविणे. विवेचनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. नमुना म्हणून नऊ खेळाडूंची, प्रत्येकी १० डॉलर बक्षिसासाठी व १ डॉलर आयोजकाचे शुल्क अशा प्रवेशमूल्याची स्पर्धा गृहीत धरली आहे. प्रत्येकास १५०० चिप मिळतात. जमा झालेल्या ९० डॉलरपैकी पहिल्यास ४५, दुसऱ्यास २७ व तिसऱ्यास १८ डॉलर, म्हणजे ५०, ३० व २० टक्के, अशी विभागणी होते. एका टेबलाच्या स्पर्धांत ही विभागणी रूढ आहे.

३. खेळाचे स्वरूप

प्रत्येक डावात बटन नावाची खूण एकेका खेळाडूकडून पुढे सरकते. बटनाच्या डावीकडील पहिल्या खेळाडूने लहान ब्लाइंड आणि दुसऱ्याने मोठा ब्लाइंड ही सक्तीची रक्कम पाने पाहण्यापूर्वीच लावावयाची असते. त्यानंतर प्रत्येकाला दोन पाने वाटली जातात. मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडील खेळाडूपासून प्रत्येकाने डाव सोडणे, लावलेल्या रकमेइतकी रक्कम भरणे किंवा रक्कम वाढविणे यांपैकी एक पर्याय निवडावयाचा असतो. पुढे तीन, एक आणि एक अशी पाच सामाईक पाने उघडली जातात व प्रत्येक टप्प्यावर पुन्हा बोली होते. पहिल्या तीन पानांना फ्लॉप म्हणतात. शेवटी सात पानांतून उत्तम पाच पाने जुळविणारा खेळाडू जिंकतो. मात्र इतर सर्वांनी डाव सोडल्यास उरलेला खेळाडू पाने न दाखविताच जिंकतो.

स्पर्धेतील ब्लाइंड ठराविक मिनिटांनी वाढत जातात. आरंभी ते १० व २० असतील, तर १५०० चिप म्हणजे ७५ मोठे ब्लाइंड होतात. ब्लाइंड १०० व २०० झाल्यावर तेवढ्याच चिप म्हणजे केवळ साडेसात मोठे ब्लाइंड. डॅन हॅरिंग्टन यांनी आपल्या पुस्तकांतून पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून ‘एम’ हे गुणोत्तर लोकप्रिय केले. एकूण चिपसाठ्याला एका फेरीच्या सक्तीच्या खर्चाने भागले असता ते मिळते. पहिल्या स्थितीत हे गुणोत्तर ५० आणि दुसऱ्या स्थितीत ५ येते. गुणोत्तर ५ असणे म्हणजे काहीही न खेळता बसून राहिल्यास पाच फेऱ्यांत सर्व चिप संपणे होय.

४. प्रारंभिक पानांचे वर्गीकरण

५२ पानांतून दोन पाने १३२६ प्रकारे येऊ शकतात. फ्लॉपपूर्वी सर्व रंग समान मूल्याचे असल्याने खेळाच्या दृष्टीने भिन्न अशा दुकली १६९ च उरतात. त्यांचे तीन वर्ग पडतात.

(अ) जोड्या : १३ प्रकार. प्रत्येक जोडी ६ प्रकारे येते, एकूण ७८.
(आ) एकाच रंगाची भिन्न पाने : ७८ प्रकार. प्रत्येक दुक्कल ४ प्रकारे येते, एकूण ३१२.
(इ) भिन्न रंगांची भिन्न पाने : ७८ प्रकार. प्रत्येक दुक्कल १२ प्रकारे येते, एकूण ९३६.

यावरून कोणतीही जोडी येण्याची शक्यता सतरात एक, तर एक्क्यांची जोडी येण्याची शक्यता २२१ मध्ये एक आहे. एका स्पर्धेत एखाद्या खेळाडूच्या वाट्याला ७० डाव आले, तर त्यात एक्क्यांची जोडी एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के भरते. ‘चांगली पाने आली की खेळू’ असे म्हणून वाट पाहणाऱ्या खेळाडूचा ब्लाइंडच्या वाढत्या खर्चापुढे निभाव का लागत नाही, हे या एका आकड्यावरून ध्यानात येते.

पानांचे बळ समोरच्या पानांच्या संदर्भातच मोजावे लागते. एक्क्यांची जोडी कोणत्याही अज्ञात दुकलीविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. मोठी जोडी लहान जोडीविरुद्ध साधारण ८० टक्के वेळा सरस ठरते. राण्यांची जोडी आणि भिन्न रंगांचे एक्का-राजा यांच्या लढतीत राण्या सुमारे ५७ टक्के वेळा जिंकतात. एक्का-राजा विरुद्ध एक्का-राणी अशी गाठ पडल्यास मात्र एक्का-राजाची बाजू सुमारे ७४ टक्के होते. कारण एक पान दोघांकडे समान असून दुसऱ्या पानात एक जण मागे असतो. या स्थितीला वर्चस्व असे म्हणता येईल. नवशिक्या खेळाडूचे सर्वाधिक नुकसान अशाच पानांमुळे होते. एक्का-नव्वी किंवा राजा-गुलाम ही पाने दिसावयास देखणी असतात. परंतु जोरदार प्रतिसाद मिळतो तेव्हा समोर बहुधा त्यांच्यावर वर्चस्व असणारीच पाने असतात.

एकाच रंगाच्या पानांविषयीही गैरसमज आढळतो. दोन्ही पाने एका रंगाची असल्याने विजयाची शक्यता सर्वसाधारणपणे दोन ते चार टक्क्यांनीच वाढते. फ्लॉपवरच पाचही पाने एका रंगाची होण्याची शक्यता तर एक टक्क्याहूनही कमी आहे. लहान जोडीला फ्लॉपवर तिसरे पान मिळण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळांतून एकदा असते. या दोन्ही प्रकारची पाने क्वचित जुळतात. त्यामुळे ती जुळल्यावर भरपूर चिप मिळण्याची सोय असेल, तरच ती स्वस्तात खेळणे परवडते.

डेव्हिड स्क्लान्स्की यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात प्रारंभिक पानांची गटवार मांडणी केली आणि पुढे मेसन मालमुथ यांच्यासह तिचा विस्तार केला. ही मांडणी आजही उपयुक्त आहे. तथापि ती मुख्यतः रोख पैशाच्या खेळासाठी होती. तेथे प्रत्येक चिपचे मूल्य कायम असते. स्पर्धेत ते तसे राहत नाही.

५. आसनाचे महत्त्व

जो खेळाडू उशिरा बोलतो, त्याला इतरांचे निर्णय आधी कळतात आणि त्याच्यामागे उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांची संख्याही कमी असते. एक्का-दश्शी या भिन्न रंगांच्या पानांचे उदाहरण घेऊ. या पानांपुढे ठळकपणे सरस ठरणाऱ्या दुकली म्हणजे एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम आणि दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या जोड्या. खेळाडूच्या हातातील दोन पाने वगळता उरलेल्या ५० पानांतून होणाऱ्या १२२५ दुकलींपैकी अशा दुकली ६० आहेत. म्हणजे एका प्रतिस्पर्ध्याकडे त्या असण्याची शक्यता सुमारे ४.९ टक्के आहे.

खेळाडू सर्वांत आधी बोलत असेल, तर त्याच्यामागे आठ जण असतात. त्यांच्यापैकी किमान एकाकडे अशी दुक्कल असण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के होते. तोच खेळाडू बटनावर बसला असेल आणि आधीच्या सर्वांनी डाव सोडला असेल, तर मागे केवळ दोघे उरतात व ही शक्यता सुमारे १० टक्क्यांवर येते. पाने तीच, पण पहिल्या आसनावर ती तीनांतून एकदा संकटात सापडतात आणि शेवटच्या आसनावर दहातून एकदा. म्हणूनच ‘एक्का-दश्शी खेळावी की नाही’ या प्रश्नाला आसन सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

६. चिपचे मूल्य आणि पैशाचे मूल्य

स्पर्धेच्या आरंभी १५०० चिपची किंमत १० डॉलर असते. शेवटी विजेत्याजवळ १३५०० चिप जमा होतात. परंतु त्याला ९० नव्हे, ४५ डॉलर मिळतात. त्याच्या दृष्टीने १५०० चिपची किंमत ५ डॉलरवर आली. उरलेली रक्कम चिप संपलेल्या दुसऱ्या व तिसऱ्या खेळाडूस जाते. यावरून एक महत्त्वाचा नियम निघतो : गमावलेली चिप ही कमावलेल्या चिपपेक्षा अधिक मोलाची असते.

हे मूल्य मोजण्यासाठी स्वतंत्र चिप प्रतिमान वापरले जाते. डेव्हिड हार्विल यांनी १९७३ मध्ये अनेक स्पर्धकांच्या शर्यतीतील क्रमांकांची संभाव्यता काढण्याची एक रीत मांडली होती. पोकरच्या संदर्भात मालमुथ यांनी १९८० च्या दशकात तोच विचार पुढे आणला. या प्रतिमानानुसार प्रत्येक खेळाडूची पहिले येण्याची शक्यता त्याच्या चिपच्या प्रमाणात असते. पहिला क्रमांक ठरल्यावर त्याच्या चिप वगळून उरलेल्यांत दुसरा क्रमांक त्याच रीतीने काढला जातो व पुढे तिसरा. अपुऱ्या राहिलेल्या खेळाच्या वाटणीचा पास्कल-फर्मा यांचा प्रश्नच येथे नव्या रूपात भेटतो.

समजा, चार खेळाडू उरले असून सर्वांजवळ समान चिप आहेत. प्रत्येकाचा वाटा २२.५० डॉलर होतो. आता दोघांनी सर्व चिप लावल्या व एक जण बाद झाला. जिंकणाऱ्याजवळ निम्म्या चिप आल्या. त्याची पहिले येण्याची शक्यता १/२, दुसरे येण्याची १/३ व तिसरे येण्याची १/६ होते. त्याचा वाटा २२.५० + ९ + ३ = ३४.५० डॉलर होतो. म्हणजे २२.५० डॉलर पणाला लावून त्याने १२ डॉलर कमावले. बाद झालेल्याच्या वाट्यातील उरलेले १०.५० डॉलर कोठे गेले? ते डावात भागच न घेतलेल्या दोघांना प्रत्येकी ५.२५ याप्रमाणे मिळाले. दोघे भांडले आणि स्वस्थ बसलेल्या दोघांचा लाभ झाला.

अशा लढतीत तोटा होऊ नये म्हणून विजयाची शक्यता २२.५० भागिले ३४.५०, म्हणजे ६५.२ टक्के असावी लागते. समान चिपसाठे गृहीत धरून व ब्लाइंड वगळून निरनिराळ्या टप्प्यांसाठी हीच आकडेमोड केली असता पुढील चित्र मिळते.

तक्ता क्र. १ : समान चिप असलेल्या दोन खेळाडूंच्या सर्वस्वाच्या लढतीत आवश्यक असलेली विजयाची किमान शक्यता

उरलेले खेळाडू ९ : आधीचा वाटा १०.०० डॉलर, जिंकल्यास १८.२५, हरल्यास ०, आवश्यक शक्यता ५४.८ टक्के
उरलेले खेळाडू ५ : आधीचा वाटा १८.०० डॉलर, जिंकल्यास २९.७०, हरल्यास ०, आवश्यक शक्यता ६०.६ टक्के
उरलेले खेळाडू ४ : आधीचा वाटा २२.५० डॉलर; जिंकल्यास ३४.५०, हरल्यास ०, आवश्यक शक्यता ६५.२ टक्के
उरलेले खेळाडू ३ : आधीचा वाटा ३०.०० डॉलर, जिंकल्यास ३९.००; हरल्यास १८.००, आवश्यक शक्यता ५७.१ टक्के
उरलेले खेळाडू २ : आधीचा वाटा ३६.०० डॉलर, जिंकल्यास ४५.००, हरल्यास २७.००, आवश्यक शक्यता ५०.० टक्के

चार खेळाडू उरण्याची स्थिती म्हणजे बक्षिसाचा उंबरठा. त्या जागी ही अट सर्वांत कडक होते. राण्यांच्या जोडीची एक्का-राजाविरुद्धची ५७ टक्क्यांची आघाडीही तेथे अपुरी पडते. एक जण बाद होऊन उरलेले तिघे बक्षिसात आले की अट शिथिल होते आणि शेवटच्या दोघांत ती पूर्णपणे नाहीशी होते.

७. टप्प्यांनुसार निवड

आरंभीचा टप्पा : नऊ खेळाडू, ब्लाइंड लहान आणि एम गुणोत्तर २० हून अधिक. या वेळी ब्लाइंड जिंकून फारसे काही साधत नाही. ३० चिप म्हणजे मूळ साठ्याचा २ टक्के भाग. याउलट एका चुकीने संपूर्ण स्पर्धा संपते. म्हणून या टप्प्यात मोठ्या जोड्या, एक्का-राजा आणि उशिराच्या आसनावरून एक्का-राणी एवढीच पाने वाढ करून खेळावीत. लहान जोड्या स्वस्तात फ्लॉप पाहता येत असल्यास खेळाव्यात. मात्र द्यावयाच्या रकमेच्या किमान दहा ते पंधरा पट चिप दोन्ही बाजूंकडे असाव्यात. कारण साडेआठ वेळांतून एकदाच तिसरे पान मिळते आणि मिळाल्यावरही प्रत्येक वेळी पूर्ण मोबदला मिळत नाही. एकाच रंगाची लागोपाठची पाने बटनावरून व अनेक जण डावात असताना चालतात. वर्चस्वाखाली येणारी पाने, म्हणजे एक्का-अठ्ठी, राजा-दश्शी यांसारखी, सोडून देणे श्रेयस्कर.

मधला टप्पा : सहा-सात खेळाडू आणि गुणोत्तर ८ ते १५. आता ब्लाइंडला किंमत येते. लहान जोड्यांचे व लागोपाठच्या पानांचे मूल्य घसरते, कारण ती जुळण्याची वाट पाहण्याइतक्या चिप उरत नाहीत. मोठ्या पानांचे मूल्य वाढते. डावात पहिली वाढ करणाऱ्याला उशिराच्या आसनावरून एक्का-दश्शी, राजा-राणी, सत्तीची जोडी अशी पाने घेता येतात; मात्र आधीच कोणी वाढ केली असल्यास तीच पाने टाकून द्यावीत.

शेवटचा टप्पा : गुणोत्तर ५-६ वर आले की फ्लॉप पाहण्यापुरती लहान वाढ करण्यात अर्थ उरत नाही. सर्व चिप लावणे किंवा डाव सोडणे हे दोनच व्यवहार्य पर्याय राहतात. येथे पानांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व समोरचा किती वेळा माघार घेईल या अंदाजाला येते.

८. पुढाकार आणि प्रतिसाद

स्क्लान्स्की यांनी २००२ च्या आपल्या स्पर्धाविषयक पुस्तकात एक तत्त्व मांडले : स्वतः वाढ करून डाव सुरू करण्यासाठी जेवढी चांगली पाने लागतात, त्याहून अधिक चांगली पाने दुसऱ्याच्या वाढीला उत्तर देण्यासाठी लागतात. पुढाकार घेणारा दोन मार्गांनी जिंकू शकतो : समोरच्याने माघार घेतली तर, किंवा पाने सरस ठरली तर. प्रतिसाद देणाऱ्यासाठी केवळ दुसरा मार्ग मोकळा असतो.

उंबरठ्यावरील एका उदाहरणाने हे तत्त्व तपासता येईल. चार खेळाडू, प्रत्येकाजवळ ३३७५ चिप, ब्लाइंड २०० व ४००. दोघांनी डाव सोडला. लहान ब्लाइंडवर बसलेल्या खेळाडूजवळ दुबळी पाने असून उत्तर मिळाल्यास त्याच्या विजयाची शक्यता ३५ टक्के आहे. डाव सोडल्यास त्याच्याजवळ ३१७५ चिप राहतात. सर्व चिप लावल्या आणि समोरच्याने माघार घेतली, तर ३७७५ होतात. उत्तर मिळाले, तर सरासरी ६७५० चे ३५ टक्के, म्हणजे सुमारे २३६३ हाती लागतात. निव्वळ चिपच्या हिशेबाने समोरच्याने ५७.५ टक्क्यांहून अधिक वेळा माघार घेतली, तर ही चाल फायद्याची आहे.

पैशाच्या हिशेबाने चित्र बदलते. वरील प्रतिमानानुसार डाव सोडल्यावरचा वाटा २१.६३ डॉलर, ब्लाइंड जिंकल्यावर २४.१७ आणि लढत जिंकल्यास ३४.५० डॉलर होतो. आता समोरच्याने सुमारे ७९ टक्के वेळा माघार घ्यावी लागते. तरच चाल परवडते.

मोठ्या ब्लाइंडवरील खेळाडूच्या बाजूने पाहू. चिपच्या हिशेबाने त्याला उत्तर देण्यासाठी ४४ टक्के विजयाची शक्यता पुरेशी आहे. पैशाच्या हिशेबाने माघार घेतल्यावर त्याचा वाटा २०.७२ डॉलर राहतो आणि उत्तर देण्यासाठी सुमारे ६० टक्के शक्यता लागते. समोरचा कोणत्याही पानांवर सर्व चिप लावतो असे धरले, तरी ही अट पंजीची जोडी व त्यावरील जोड्या, बलवान एक्के, राजा-राणी, राजा-गुलाम अशा दुकलीच पूर्ण करतात. त्यांचे प्रमाण १४ ते १५ टक्के आहे. म्हणजे जाणकार प्रतिस्पर्धी सुमारे ८५ टक्के वेळा माघार घेईल आणि त्याच्याविरुद्ध दुबळ्या पानांवरही पुढाकार लाभदायक ठरेल.

परंतु समोर ३० टक्के पानांवर उत्तर देणारा उतावळा खेळाडू असेल, तर माघारीचे प्रमाण ७० टक्क्यांवर येते व तीच चाल तोट्याची होते. विशेष असे, की त्या वेळी उत्तर देणारा स्वतःचेही नुकसान करून घेतो आणि लाभ बाहेरच्या दोघांच्या पदरात पडतो. छोट्या प्रवेशमूल्याच्या स्पर्धांत असे खेळाडू मोठ्या संख्येने भेटतात. त्यामुळे तेथे उंबरठ्यावर पुढाकारासाठीही खऱ्या बळाची पाने राखणे शहाणपणाचे ठरते. पुस्तकातील तक्ता समोरचा जाणकार आहे असे गृहीत धरतो. टेबलावर ते गृहीत तपासावे लागते.

९. मर्यादा

स्वतंत्र चिप प्रतिमान काही गोष्टी लक्षात घेत नाही. पुढचा ब्लाइंड कोणावर येणार, कोणता खेळाडू अधिक कुशल आहे, कोण कोणाच्या डावीकडे बसला आहे, या बाबी त्यात येत नाहीत. मोठा ब्लाइंड अंगावर येऊन ठेपलेल्या अल्प साठ्याच्या खेळाडूने प्रतिमानापेक्षा थोडी अधिक जोखीम पत्करणे योग्य ठरू शकते. संगणकीय संशोधनाने या खेळाचे आकलन पुढे नेले असून कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांच्या ‘प्लुरिबस’ या प्रणालीने २०१९ मध्ये सहा जणांच्या खेळात व्यावसायिक खेळाडूंवर मात केली. तथापि बक्षीसविभागणी असलेल्या स्पर्धेत माणसाच्या चुकांचा अंदाज घेण्याचे काम उरतेच.

आर्थिक वास्तवही नोंदविले पाहिजे. ११ डॉलर भरणाऱ्या सरासरी खेळाडूला सरासरी १० डॉलर परत मिळतात. म्हणजे शुल्कापोटी तो प्रत्येक स्पर्धेत सुमारे ९ टक्के गमावतो. सरासरीहून किंचित चांगला खेळाडूही या हिशेबात तोट्यातच राहतो. शिवाय तीनांतून एकदा बक्षीस मिळविणाऱ्या खेळाडूला सलग पाच स्पर्धांत काहीही न मिळण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते. अशा अपयशाच्या मालिकेनंतर पानांची निवड सैल करणे ही सर्वत्र आढळणारी प्रवृत्ती आहे आणि तिची किंमत गणिताच्या अज्ञानाहून अधिक पडते.

भारतातील कायद्याचा संदर्भही येथे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या चमारबागवाला प्रकरणात कौशल्यप्रधान स्पर्धा व जुगार यांत भेद केला आणि १९६७ मध्ये रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ मानला. पोकरविषयी मात्र न्यायालयांची मते भिन्न राहिली. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा, तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कौशल्याचा खेळ मानला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यात, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीची तरतूद आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. गोव्यात १९७६ च्या कायद्यातील पुढील दुरुस्त्यांनुसार परवानाप्राप्त कॅसिनोंना मुभा आहे. म्हणून प्रस्तुत विवेचनाचा उपयोग येथील वाचकाने संभाव्यता आणि निर्णयशास्त्र यांचे उदाहरण म्हणून करावा, हे उचित होय.

१०. निष्कर्ष

१. प्रारंभिक दोन पानांना स्वतंत्र, निरपेक्ष मूल्य नसते. आसन, चिपसाठा, प्रतिस्पर्धी आणि बक्षीसविभागणी यांच्या संदर्भातच ते ठरते.

२. एकाच दुकलीचा धोका आसन बदलताच तिपटीहून अधिक बदलू शकतो. एक्का-दश्शीच्या उदाहरणात तो ३३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येतो.

३. सर्वस्वाच्या लढतीसाठी आवश्यक असलेली विजयाची शक्यता आरंभी ५५ टक्क्यांच्या जवळपास, बक्षिसाच्या उंबरठ्यावर ६५ टक्के आणि शेवटच्या दोघांत ५० टक्के असते. म्हणून निवड आरंभी काटेकोर, उंबरठ्यावर प्रतिसादात अत्यंत काटेकोर आणि अखेरीस मुक्त असावी.

४. अखेरच्या टप्प्यात पुढाकारासाठी दुबळी पानेही चालतात. पण समोरचा माघार घेणारा असेल तरच. उतावळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर हा नियम लागू पडत नाही.

५. दोघांच्या अविचारी लढतीचा लाभ तिसऱ्याला होतो, हे व्यवहारातील निरीक्षण येथे डॉलर व सेंटमध्ये मोजता येते. महाविद्यालयीन स्तरावर अपेक्षित मूल्य शिकविताना चार खेळाडूंचे हे उदाहरण पैसे न लावता, केवळ पत्त्यांचा एक जोड आणि कागदी चिप घेऊन वर्गात करून दाखविता येईल. चिप जिंकणे आणि मोल जिंकणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे विद्यार्थ्यांना त्यातून स्वतःच्या हाताने पडताळून पाहता येईल.